कंदीलवाली काय म्हणत होती

फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या फॉर्मांची यादी तपासत होते. एकोणीस नावं झाली होती, विसावं वाचत होते. पुण्याहून विलासभाऊजींच्या ऑफिसातला कुणी माणूस बोलत होता. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी डोक्यात गेला, दवाखान्यात हलवलं आणि... पुढचं त्याला बोलवेना. मी विचारलं, किती वाजता? त्यानं वेळ सांगितली. ती मी फॉर्मांच्या यादीच्या समासात लिहून घेतली. मग विसावं नाव वाचलं, एकविसावं वाचलं, आणि बाविसाव्या नावावर माझ्या लक्षात आलं, की माझे धाकटे दीर गेल्याचं मी अजून घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. छत्तीस म्हणजे काही जाण्याचं वय नव्हे, हे भेटायला आलेल्या प्रत्येकानं सांगितलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, पुण्यात एका खोलीत एकटेच राहायचे. त्यांचं सामान दोन खोक्यांत आलं आणि मीच ते लावून ठेवलं. कपडे, कागदपत्रं, स्क्रू ड्रायव्हरचा संच, दोन चष्मे... एकदा यादी झाली की माझं मन जागेवर येतं, हा माझा नेहमीचा अनुभव. या वेळी यादी झाली आणि मन आलं नाही. कारण एक गोष्ट त्या खोक्यांत नव्हती, असणारही नव्हती. भाऊजी मला एका गोष्टीचा शेवट सांगणार होते. तो राहिला, आणि तो माझ्यामुळे राहिला.

गोष्ट एका कॉम्प्युटर गेममधली. हे वाचून कुणाला हसू येईल, येऊ द्या. लग्नानंतर चार वर्षांनी मी हिंगोलीत बसस्टँडच्या मागे टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला. प्रवेश, वेळापत्रक, परीक्षा माझ्याकडे. यंत्रं भाऊजींकडे. त्यांची पदविका दोन विषयांसाठी अडली होती, पण बंद पडलेलं मशीन त्यांच्या पुढ्यात ठेवलं की संध्याकाळपर्यंत बोलू लागायचं. दुपारी एक ते तीन बॅच नसे. त्या वेळात वीज असली, तर आम्ही दोघं तो खेळ खेळायचो. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, वाटायचं की आम्ही मशीन दुरुस्त करतोय. शेजारणीला त्या कौतुकानं सांगायच्या, "जेवाया सुदिक येत न्हाईत, दोगं मिळून कामच करून राहिलेत." आणि तेव्हा त्यांची थोरली सून क्लासात बसून एका म्हाताऱ्या राक्षसाच्या मुंडक्यावर माऊस आपटत असायची.

खेळ साधा होता. वर एक गाव, गावात चार माणसं, आणि गावाखाली तळघरावर तळघर. खाली उतरायचं, समोर येईल त्याला मारायचं, पडलेली तलवार किंवा चिलखत उचलायचं, आणखी खाली उतरायचं. पिशवी भरली की वर गावात यायचं, पुन्हा उतरायचं. एकूण सोळा मजले. मी एका शंभर पानी वहीत प्रत्येक मजल्याची नोंद ठेवली होती. कोणता राक्षस कशाला घाबरतो, कोणती तलवार कुठं मिळाली, किती घावांत काम होतं. माउसवर माझा हात वेगानं चालायचा. भाऊजींचा नाही. भाऊजी गावातच रेंगाळायचे. त्या चार माणसांपैकी विहिरीच्या कठड्याशी एक म्हातारी उभी असायची, हातात कंदील. तिच्यावर क्लिक केलं की तिचा चेहरा मोठा होऊन दिसायचा आणि तोंड हलू लागायचं. आवाज मात्र नाही. सीडी नांदेडहून आणलेली, वर पेनानं नाव लिहिलेली. एका सीडीत मावावा म्हणून कुणीतरी त्या खेळातले सगळे आवाज काढून टाकले होते. खाली मजकूरही उमटत नसे. नुसतं तोंड हलायचं, मिनिटभर, कधी दीड मिनिट.

तेवढा वेळ भाऊजी तिचं बोलणं सांगायचे. म्हणायचे, "एका इंग्रजी मासिकात आलंय ओ सगळं, मी वाचलंय." मी कधी शंका घेतली नाही, कारण मला ऐकायचंच नसायचं. एस्केपचं बटण दाबलं की म्हातारी नाहीशी होऊन खेळ पुढं सुरू व्हायचा. मी ते दाबायचे. आणि भाऊजी... हे मला आता आठवतं, तेव्हा खटकलंसुद्धा नव्हतं... भाऊजी त्या क्षणी वाक्याच्या मध्येच थांबायचे. तिचं तोंड बंद झालं, म्हणजे त्यांचंही बंद.

"वहिनी, काहून दाबलं ओ? आत्ता कुठं ती बोलून राहिली होती."

"बॅच तीनला आहे, भाऊजी. आणि या खेळात गोष्ट हवीच कशाला? दार उघडा, मारा, उचला, उतरा. गोष्ट काढून टाकली तरी खेळ तसाच चालतो. आवाज काढले तर काय अडलं?"

"मंग खाली उतरायचं काहून?"

"पुढचा मजला आहे म्हणून."

"तुमच्या वहीत तलवारीचं नाव हाय. कुणासाठी उचलली ते हाय का?"

"ती तलवार नसती तर नववा मजला पार झाला असता का? ते सांगा आधी."

"बराबर हाय तुमचं," ते हसून म्हणायचे. "तुमाला खेळ जिंकायचाय. मला त्या पोराला वर आणायचंय."

म्हणजे म्हातारीच्या मुलाला. तो खाली गेला होता आणि आला नव्हता, एवढं मला माहीत होतं. आमचा हा वाद महिनोन्महिने चालला. माझं म्हणणं मला अजूनही चुकीचं वाटत नाही. दुसऱ्यांदा खेळताना कुणी कुणाचं बोलणं ऐकत नाही, हात आपोआप चालतो, आणि माणसाला खाली ओढते ती पुढच्या दाराआडची वस्तू. भाऊजींचं म्हणणं असं, की वस्तू महिन्याभरात विसरतात, पण कुणीतरी वर वाट पाहतंय हे माहीत असलं की खालचा अंधार वेगळा लागतो.

एकदाच त्यांना सलग बोलायला मिळालं. औंढ्याला दर्शनाला गेलो होतो. गाभारा जमिनीखाली, वाकून, एका अरुंद तोंडातून आत उतरायचं. रांग अडकली होती, मी मध्येच, मागे भाऊजी. माझ्या मानेशी त्यांचा हळू आवाज आला, "वहिनी, हितं एस्केप न्हाई बरं का." मला हसू आवरेना. मग ते म्हातारीचं सांगू लागले. तिला खाली उतरता येत नाही, पण पायऱ्या तिनं मोजून ठेवल्यात. सत्तावीस. अठरावीपासून पाणी. रोज दिवेलागणीला ती पहिल्या पायरीवर येते आणि कंदील खाली धरते, म्हणजे त्याला वर कुठल्या बाजूला यायचं ते कळावं. रांग हलली आणि ते थांबले. त्या कोंदट उबेत माझ्या अंगावर शहारा आला होता, हे मी त्यांना कधी बोलले नाही. घरी आल्यावर वहीत लिहिलं, "म्हातारी – २७, १८." आकडे होते म्हणून लिहिलं.

सोळावा मजला झाला तो दिवस मला नीट आठवतो. शेवटचा राक्षस पडला, पडदा काळा झाला आणि पुन्हा गाव दिसलं. विहिरीतून वर येणाऱ्या पायऱ्या, कठड्यावर कंदील. भाऊजी खुर्चीत पुढं सरकले. "वहिनी, आता बघा, तो..." बाहेर तीनच्या बॅचच्या मुलींच्या चपला वाजल्या. माझं बोट बटणावर गेलं. सवयीनं, दुसरं काही नाही. पडद्यावर खेळाची पहिली पाटी आली. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "असू द्या. पुन्यांदा खेळू तवा सांगतो." त्याच आठवड्यात त्यांना पुण्याची नोकरी लागली. पुढं सणावाराला आले, पण दोन दिवसांसाठी, आणि घरात माणसं. गेल्या पोळ्याला फोनवर म्हणाले होते, "शेवट राहिला हां आपला." मी म्हणाले, "सुट्टीत या, निवांत सांगा." आणि क्लासच्या नव्या टेबलांची मापं विचारायला लागले.

भाऊजींचा चौदावा दिवस झाल्यावर मी ठरवलं की शेवट आपणच शोधायचा. यात अवघड काय? खेळ जगभर खेळला गेलेला. क्लासातल्या सहकाऱ्यानं आठ दिवसांत पूर्ण आवृत्ती मिळवून दिली, आवाजासकट. मी दुपारी एक वाजता दार लावलं, स्पीकर जोडले आणि म्हातारीवर क्लिक केलं. ती बोलली. इंग्रजीत, चांगल्या घोगऱ्या आवाजात. कुठल्याशा राजाबद्दल, त्याच्या शापित मुकुटाबद्दल. मुलगा नव्हता. पायऱ्या नव्हत्या. हातातल्या कंदिलाचा उल्लेखसुद्धा नव्हता. आधी मला वाटलं, खेळ दुसराच आहे. वही काढून ताडून पाहिलं. मजले तेच, तलवारी त्याच. पाच दुपारी खेळून शेवटापर्यंत गेले, एस्केपला हात न लावता सगळं ऐकलं, आणि संध्याकाळी भाजी निवडताना त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हणजे वादात मीच बरोबर होते. त्या खेळातली गोष्ट असली काय, नसली काय, सारखंच. पण मी जी तोडत होते ती खेळातली नव्हतीच. मासिक-बिसिक काही नव्हतं. हलणाऱ्या तोंडाला बोलणं भाऊजी देत होते... आणि माझं बोट दर वेळी त्यांच्यावर पडत होतं.

मग जेवढं आठवलं तेवढं मी उतरवून काढलं. अकरा नोंदी झाल्या, आणि औंढ्याची सोडली तर एकही पूर्ण नाही. "खाली जाताना त्यानं धोतर कमरेला..." "ती म्हणते, गावातले दोर आणायला गेले पण..." "त्याचा आवाज दोनदा आला, तिसऱ्यांदा..." प्रत्येक वाक्य माझ्या बोटानं जिथं तोडलं होतं तिथंच तुटलेलं.

हा कागद मी आत्याबाईंना वाचून दाखवला. का, ते सांगता येणार नाही. त्या दिवसांत त्या बोलत नव्हत्या, भिंतीला टेकून बसायच्या, आणि भाऊजींचं काही म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं. कॉम्प्युटरवरच्या खेळातली म्हातारी, तिचा खाली गेलेला मुलगा, असं समजावून मी वाचत गेले. "पायऱ्या सत्तावीस," मी म्हणाले. त्यांनी मान वर केली.

"अठरावीपासून पानी."

मी कागद खाली ठेवला.

"कळमनुरीकडं माझं म्हायेर. गावच्या बारवेतला गाळ काढाया माझा दादा उतरला व्हता. भिताड आलं वरून. दोर आणले, मानसं उतरली, दादा गावला न्हाई. पानीच लई व्हतं. माझी माय मरंपर्यंत कंदील घेऊन पयल्या पायरीवर जायची. येडी झाली म्हनायचे लोक. इलास लहानपनी सुट्टीला तिच्याकडंच ऱ्हायचा, तिच्यासंगं तोच जायचा." मग त्यांनी विचारलं, "त्यानं ह्ये खेळात कसं काय घातलं गं?"

मी सांगितलं, जमेल तसं. त्या ऐकत होत्या की नाही, कळलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "त्या खेळात दादा वर येतो का?"

मी पडताळा न घेता परीक्षेच्या फॉर्मवर स्पेलिंगसुद्धा लिहीत नाही. शेवट मी ऐकलेला नव्हता, आणि का नव्हता हे त्यांना सांगायला हवं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. भावाचं विचारत होत्या की मुलाचं, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"येतो," मी म्हणाले.

"कवा?"

"शेवटी. सोळावा मजला झाला की."

"मंग येवढ्यात नको संपवू," त्या म्हणाल्या. "दाव मला."

त्याला आता तीन आठवडे होतील. एक वाजता बॅच सुटली की आत्याबाई येतात, डोक्यावरचा पदर सारखा करतात आणि भाऊजी बसायचे त्या खुर्चीत बसतात. मी जुनीच सीडी लावते, बिनआवाजाची. एखादा मजला उतरते, वर गावात येते आणि म्हातारीवर क्लिक करते. तोंड हलू लागतं आणि मला बोलावं लागतं. पहिल्या दिवशी चार वाक्यांत माझं संपलं, तिचं तोंड हलतच राहिलं, आणि क्लासात नुसता पंखा वाजत होता. आता थोडं जमतं. आम्ही सहाव्या मजल्यापर्यंत आलोय. आत्याबाई घाई करू देत नाहीत.

काल मी म्हातारीच्या तोंडी घातलं, "बाळा, किती वाट पाहू रे तुझी." आत्याबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"माझी माय आसं न्हाई बोलायची. नाटकात बोलत्यात तसं."

"मग कसं बोलायची?"

त्या पडद्याजवळ वाकल्या. म्हातारीचं तोंड हलत होतं, आणि आत्याबाई त्याच्याबरोबर, घरातल्या कुणाला जेवायला हाक मारावी तशी, खाली बघून म्हणाल्या, "ये रं. वाढलंय. निवून चाललंय."

तोंड थांबेना. मग मीही म्हणाले. ये रं, वाढलंय.