टाकी भरलेली, नळ कोरडा

नोकरीत तुम्ही काय करायचात, असं कुणी विचारलं की थेंबकाका सांगायचे, "ऐकायचो." ते खरंच होतं. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं त्यांनी रस्त्याला लोखंडी सळई टेकवून, तिच्या वरच्या टोकाला कान लावून जमिनीखालची गळती शोधली. थेंब कुठे पडतोय हे खड्डा खणायच्या आधी सांगणारा माणूस, म्हणून सगळं खातं त्यांना थेंबकाका म्हणायचं. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "ह्यांना जमिनीखालचं ऐकू येतं, शेजारच्या खोलीतलं नाही." आणि नोकरीच्या दाखल्यापेक्षा संसाराचा दाखला जरा जास्तच खरा असतो.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुना कॅम्पर घेतला. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. दोन पलंग, एक शेगडी, बसलं की गुडघे भिंतीला लागतील एवढी न्हाणी. एका पलंगाखाली पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी दोन मुठींएवढा पंप. दर उन्हाळ्यात दोघं भटकून यायची.

पण गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर काकांच्या हृदयाने दगा दिला. तीन आठवडे इस्पितळ, मग कित्येक महिने घर. आता कुठे डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला होता. वजन उचलायला मात्र सक्त मनाई. उद्या सकाळी निघून दोन दिवसांच्या अंतरावरच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं, आणि काकूंची एकच अट होती.

"आत नळाला पाणी असेल तर येते. तुम्ही बादल्या वाहायच्या नि मी बघत बसायचं, हे व्हायचं नाही. पाणी नसेल तर जाणं रद्द. मग हा डबा विकूनच टाकू."

"एवढंच ना?" काका म्हणाले. बत्तीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला ही अट म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणण्यासारखी होती.

आज सकाळी त्यांनी रबरी नळी लावून टाकी काठोकाठ भरली आणि पंपाचं बटण दाबलं. पंप घुरघुरला. थंडीत पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत जे गुलाबी औषध भरून ठेवतात, त्याच्या दोन गुळण्या नळाने टाकल्या. दर वर्षी टाकतो तशाच. मग तो खोकला आणि नुसती हवा सोडत बसला. एरवी नळ बंद केला की पंप आपोआप थांबायचा. आज त्याची घुरघुर थांबेचना.

काका पलंगाखाली पालथे पडले. जाळी काढून धुतली. वॉशर बदलला. नळीवरच्या पट्ट्या आवळल्या. टाकीत काठी बुडवून पाहिली, तर पाणी जिथल्या तिथे.

"काय झालं?" काकूंनी बाहेरून विचारलं. त्या खिडकीखाली घडीच्या खुर्चीवर कॅम्परचा पडदा शिवत बसल्या होत्या.

"होईल."

"काही सांगू का?"

"अगं, पाण्याचं काम आहे. तू पडदा बघ."

तीन तास गेले. नाकी नऊ आले. शेवटी काकांनी पंप सोडवला आणि त्याची नळी सरळ बादलीत बुडवली. पंपाने बादली गटागटा ओढली! म्हणजे पंप निर्दोष. मग टाकी आणि पंप यांच्या मध्ये उरली फक्त वीतभर नळी, आणि फळीमागची तीन तोंडांची चावी.

ती चावी काकांनीच बसवली होती. थंडी आली की ती छोट्या नळीकडे फिरवायची. मग पंप टाकीऐवजी गुलाबी औषधाची बाटली ओढतो. उन्हाळा आला की पुन्हा टाकीकडे. दर वर्षी काकाच फिरवायचे आणि काकाच परत आणायचे. यंदा ते इस्पितळात होते. ज्या हाताने चावी फिरवलीच नाही, त्याला ती परत फिरवायची आठवण कुठून राहणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

त्यांनी फळी काढली. चावी थंडीच्याच बाजूला होती, आणि तिला निळ्या कापडाची पट्टी बांधलेली होती. दुहेरी गाठ.

काकूंनी जन्मभर लोकांचे कपडे दुरुस्त केले होते. जे विसरायचं नाही त्याला निळी पट्टी, ही त्यांची रीत. औषधाच्या बाटलीला, किल्ल्यांना, छत्रीला. आणि पट्टी बांधलेली गोष्ट काकू आजवर कधी विसरल्या नव्हत्या.

म्हणजे हिला सकाळपासून माहीत होतं. काकांना असा राग आला की ते तडक उठले. खिडकीतून खाली पाहिलं, तर काकू पडद्याची कड उसवत होत्या. मघाशी त्यांनी तीच शिवली होती. त्याच्या आधीही तीच. काकांचा राग जागच्या जागी विरला.

ते बाहेर येऊन पायरीवर बसले.

"थंडीचं औषध तू एकटीने भरलंस ना? कसं गं केलंस?"

काकूंची सुई थांबली. "आज विचारताय?"

"हो. उशीरच झाला."

"तुमच्या छातीला वायरी लावलेल्या, आणि तुम्ही फोनवर ओरडताय, नळ्या फुटतील, नळ्या फुटतील! नर्सने फोन काढून घेतला तेव्हा निम्मंच सांगून झालं होतं. उरलेलं तुमच्या वहीतलं चित्र बघून केलं." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. "पंप चालू होता, आणि माझ्या मनाने घेतलं की हा आवाज थांबला की इस्पितळातून फोन येणार. बाटली संपली तरी मी बटण बंद केलं नाही. कितीतरी वेळ."

काका सरकून त्यांच्या खुर्चीजवळ आले.

"तळ्यावर तुम्हाला काही झालं तर मी काय करू, सांगा. म्हणून गप्प बसले. खोटं नाही बोलले हं, विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"चावी मी अजून फिरवलेली नाही," काका म्हणाले. "गाठ तू बांधलीस, सोडायची की नाही ते तू ठरव. नाही जायचं तर नाही जाऊ. मी रुसणार नाही. म्हणजे, फार नाही."

काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "तिथून इस्पितळ किती लांब?"

काकांना तळ्याची खोली ठाऊक होती, इस्पितळाचं अंतर नव्हतं. ते निमूटपणे नकाशा घेऊन आले. दोघांनी तो पडद्यावरच पसरला. त्या तळ्यापासून इस्पितळ तीन तासांवर निघालं. काकूंचं बोट नकाशावर मागे मागे सरकत एका लहानशा तळ्यावर थांबलं. "इथून इस्पितळ अर्धा तास. इथे जाऊ."

काकांनी पंप पुन्हा जागेवर बसवला. काकू गुडघे टेकून वाकल्या, गाठ सोडली आणि चावी टाकीकडे फिरवली. काकांनी बटण दाबलं. नळ खोकला, थुंकला, आणि मग स्वच्छ धार लागली. काकूंनी हात धुतले आणि नळ बंद केला.

पंप आपोआप थांबला. आत एकदम शांत झालं. काकू ओल्या हातांनी तशाच उभ्या राहून ओट्यावरच्या फोनकडे बघत होत्या. काकाही त्यांच्या शेजारी उभे राहून बघत राहिले. फोन वाजला नाही.