मधल्या टाकीचे झाकण

आमचे थोरले दीर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पंपचालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी द्राक्षांची वाईन करण्यास आरंभ केला. सुरुवातीस ओट्याखाली चार काचेच्या बरण्या होत्या, एवढाच पसारा. स्वभावाने ते एका जागी न ठरणारे. पायाला जणू भिंगरी बांधलेली. जेवता जेवता दोनदा उठून झाकण उघडीत, वास घेत, चमचाभर चाखीत. थोरल्या जाऊबाई म्हणत की, इतकी विचारपूस माझ्या आजारपणातही झाली नव्हती. बरण्या लहान आणि पिणारे घरचेच, त्यामुळे वाईन खराब होण्याइतकी कधी टिकलीच नाही.

पुढे त्यांच्या सूनबाईंनी या छंदाचा व्यवसाय केला. रीतसर परवाना काढला, गाडीची शेड धुऊन घेतली व वेल्डरकडून पोलादाच्या तीन टाक्या करवून घेतल्या. हा वेल्डर दिरांचा शाळेपासूनचा सोबती. तीन हॉटेलांची मागणी आली. सूनबाईंनी सर्वांस बजावले की, आंबणे संपले की टाकी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचे आणि नंतर तिला हात लावायचा नाही; हवा लागली की वाईन आंबट होते.

दिरांनी मान डोलावली. परंतु जिवाची घालमेल थांबेना. शेड झाडण्याच्या निमित्ताने ते रोज सकाळी आत जात, मधली टाकी उघडून वाटीभर चाखीत व झाकण पूर्ववत लावीत.

चाळीस दिवसांनी सूनबाईंनी टाक्या तपासल्या. मधली वीतभर रिकामी होती आणि आतील वाईन पार आंबट झालेली. झाकणातच दोष असणार असे ठरवून त्यांनी वेल्डरला बोलावले. त्याने कडेवरून दोनदा बोट फिरवले. दोष सापडला नाही, तरी तो खाली पाहून म्हणाला, "हात म्हातारे झाले, सूनबाई. पुढच्या टाक्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

दीर दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मित्राच्या माथी खापर फुटत होते आणि आपण गप्प आहोत, हे त्यांना सोसवेना.

"त्याचं झाकण चांगलं आहे," ते म्हणाले. "मीच उघडत होतो."

"वीतभर टाकी एकट्यानं प्यायलात, बाबा?"

"प्यायलो नाही. बघत होतो."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

वेल्डर म्हणाला, "पंप बंद केला का बघायला हा अर्ध्या वाटेतून माघारी जायचा. मलाच कळायला हवं होतं."

सूनबाई हसल्या नाहीत. मधली टाकी ओतून द्यावी लागली व एका हॉटेलास नकार कळवावा लागला. त्यांनी वेल्डरची क्षमा मागितली, नव्या दोन टाक्यांचे काम त्यालाच दिले आणि शेडला कुलूप लावून किल्ली त्याच्या हाती ठेवली. दिरांना ओट्याखालची एक बरणी मिळाली. "हिला हवं तितकं छळा," त्या म्हणाल्या.

बरणीत त्यांचे मन रमले नाही. आता ते रोज सकाळी वेल्डरच्या कारखान्यात जातात, बसतात, उठतात आणि किल्ली जागेवर आहे ना असे विचारतात. वेल्डर काम थांबवून खिशातून ती काढतो. दीर ती हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात आणि परत देतात.