चांदमारीसाठी हातमोजे

माझी बायको गेली त्याच्या तिसऱ्या महिन्यात साहेबांनी मला हातमोजे निवडायला सांगितले.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नागपुरात सशस्त्र पोलिसांच्या एका तळावर मी भांडारात कारकून होतो. बूट, पट्टे, ताडपत्र्या, कंदील असलं सगळं माझ्याकडे. बंदुका हत्यारखान्यात असत आणि हत्यारखाना सावनेरकडच्या एका वयस्क हवालदाराच्या ताब्यात होता. होळीनंतरच्या सरावात, चांदमारीवर म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, एका जवानानं मशीनगनची तापलेली नळी हातानं धरली. नळी बदलायला मूठ असते, ती मोडलेली होती. त्याच्या हातात हातमोजा होता, पण तो असून नसल्यासारखा. तळव्याची कातडी सोलून निघाली.

तळाच्या साहेबांनी मला बोलावलं. "आतापर्यंत जे स्वस्त ते घेत आलो. या वेळी नीट पारखून घ्या. चांदमारीवर चालले पाहिजेत आणि बंदोबस्तातही. अश्रुधुराचं नळकांडं उचलून फेकता आलं पाहिजे."

मी "हो साहेब" म्हटलं आणि बाहेर आलो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

ती काविळीनं गेली. आठ दिवसांत. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी रडलो नाही. लोक भेटायला आले, मी त्यांना चहा केला. पुढे रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "मयत." त्यानं माझंच पेन घेऊन लिहिलं. मी पेन परत मागून घेतलं आणि सायकलवर बसून कामावर गेलो. आत काही हललं नाही. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो, तसा मी अख्खा झालो होतो.

तीन नमुने आले. एक जाड कापडाचा, तळव्याला कातडं लावलेला. दुसरा बकऱ्याच्या कातड्याचा, इतका मऊ की घडी करून खिशात मावावा. तिसरा म्हशीच्या कातड्याचा, कानपूरहून आलेला, निळसर राखाडी, मनगटाच्या वर चार बोटं जाणारा. मी ते रविवारी घरी घेऊन गेलो. तपासणी ऑफिसात करता आली असती, पण घरी रविवारचं काय करायचं ते मला समजत नसे.

घरी मी आणि वडील, दोघंच. आई आधीच गेली होती. वडील मिलमधून रिटायर झाले होते. मी अंगणात बादली भरली, तिन्ही हातमोजे भिजवले, उन्हात वाळवले. मग उंबऱ्याच्या सिमेंटवर घासले, शिवणीत बोटं घालून ओढून पाहिलं. कापडाच्या मोज्याची शिवण आतल्या बाजूनं उभी राहिलेली होती. बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवलं की ती बरोबर पेरात रुतायची. बकऱ्याचं कातडं वाळल्यावर पापडासारखं झालं.

वडील दारात येऊन उभे राहिले.

"हे घरात काहून आणलं?"

"ऑफिसचं काम आहे बाबा."

"ऑफिसचं काम ऑफिसात करावं ना गा. चामड्याचा वास अंगणात काहून?"

ते चप्पल घालून बाहेर निघून गेले. ते का गेले ते मला ठाऊक होतं. गावी असताना मेलेली जनावरं ओढून नेणं, सोलणं, हे आमच्या घराच्या वाट्याला होतं. वडील लहानपणापासून आजोबांबरोबर जात. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली, तेव्हा ते आजोबांना बैलगाडीत बसवून घेऊन आले होते. परत गेल्यावर दोघांनी ते काम बंद केलं. गावानं वर्षभर त्रास दिला. शेवटी वडील शहरात येऊन मिलमध्ये लागले. तेव्हापासून त्यांनी कातड्याला हात लावला नव्हता. पायातली चप्पलसुद्धा रबराची.

हे सगळं मला माहीत असून मी बादली अंगणातच मांडली होती. मुद्दाम नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. हे त्याहून वाईट, असं आता वाटतं.

मंगळवारी सकाळी चांदमारी. ऊन चढायच्या आत गोळीबार आटपायचा होता. मशीनगनच्या पाचसहा मॅगझिन रिकाम्या झाल्यावर हवालदारानं नळी काढून दोन विटांवर ठेवली. तिच्यावरची हवा थरथरत होती.

"बाबू, तुम्ही धरा," तो म्हणाला.

"मी?"

"माझ्या हाताले काही समजत नाही. तीस वर्षं लोखंड धरून राहिलो. तुमचा हात नरम आहे. मी आकडे मोजतो. चटका लागला की सोडा."

आधी कापडाचा. सात म्हणताच जळका वास आला आणि हवालदारानंच माझा हात बाजूला केला. बकऱ्याचा मोजा नऊवर आक्रसून बोटांना आवळू लागला, तो काढला. मग म्हशीच्या कातड्याचा घातला. एक, दोन, तीन. मी नळीकडे बघत होतो. पलीकडे मातीच्या बांधावर एक टिटवी ओरडत होती. दहा. पंधरा. वीस. हवालदार खूश होऊन मोजत होता. तीस झाले तेव्हा त्याचा आवाज बदलला.

"बाबू? गरम नाही लागून राहिलं?"

"नाही."

"पस्तीस... अरे बाबू, सोडा! सोडा ना! काहून धरून राहिले?"

त्यानं मनगटावर फटका मारला, तेव्हा नळी सुटली. मोजा काढला तर अंगठ्याच्या बुडाशी तळहात पांढराफटक पडला होता. पाहता पाहता तिथे फोड आला. हवालदार माझ्या हाताकडे पाहत राहिला, मग माझ्या तोंडाकडे.

"तुमची बायको गेली ना महाघात?" त्यानं हळू विचारलं. आमच्याकडे माघाला म्हातारी माणसं महाघ म्हणत.

"हो."

हौदाजवळ नेऊन त्यानं माझा हात पाण्यात धरला, बराच वेळ, आपल्या हातानं.

संध्याकाळी वडिलांनी पट्टी पाहिली. मी घडलं ते सांगितलं. तीस, पस्तीस, सगळं.

"अन् तुले समजलं नाही?"

"नाही."

"काहीच?"

"नाही बाबा."

ते माझ्यासमोर बसले. त्यांनी पट्टी सोडली, फोडावर खोबरेल तेल लावलं, धुतलेल्या धोतराची नवी पट्टी बांधली. मग हात पुढे केला.

"आण तो मोजा."

मी पिशवीतून काढून दिला. तेवीस वर्षांनी ते कातड्याला हात लावत होते. त्यांनी तो उलटा केला, तळव्याचा तुकडा दोन्ही अंगठ्यांनी ताणला, सोडला, नखानं दाबला. त्यांची बोटं अजिबात अडखळत नव्हती. मला त्यांच्याकडे पाहणं जड गेलं.

"तळवा जनावराच्या पाठीचा आहे. चांगला आहे," ते म्हणाले. "अंगठा पोटाकडचा लावला. पोटाचं कातडं विरळ राहते, ताणते, मग ढिलं पडते. म्हणून तुले तिथंच भाजलं. त्यायले सांग, अंगठाबी पाठीचाच लावा. अन् एक अस्तर द्या आतून."

मोजा खाली ठेवून ते मोरीवर गेले आणि राखेनं हात घासून धुतले. दोनदा धुतले. परत येऊन म्हणाले, "मी हात लावला तो तुझ्यासाठी. नोकरीसाठी नाही."

मी मान हलवली. मोजा उचलून पिशवीत ठेवला.

मी अहवाल लिहिला. म्हशीचं कातडं, तळवा आणि अंगठा पाठीच्या भागाचे, आतून सुती अस्तर, शिवण बाहेरून आणि दुहेरी, घोड्याचं बोट पातळ ठेवावं. साहेबांनी विचारलं, "हे पाठीचं, पोटाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. तळावर आमची जात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी तोंडावर बोलत नसे. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

साहेबांनी सही केली.

हातमोजे पावसाळ्यानंतर आले. दिवाळीच्या सुमारास शहरात दोन दिवस दंगा झाला. तिसऱ्या दिवशी एक तरुण जवान भांडारात आला. जमावानं परत फेकलेलं धुराचं नळकांडं त्यानं उचलून नालीत टाकलं होतं. त्यानं मोजा काढून तळहात माझ्यासमोर धरला. हात साफ होता, घामानं ओला.

"चटका बसला का?" मी विचारलं.

"बसला ना बाबू, चांगलाच. पण सोसवला."

तो हसत होता. त्याला चटका कळला, याचा मला एकदम हेवा वाटला, आणि ते मला कळलंही. किती महिन्यांनी काहीतरी वाटत होतं. मी त्याला बसायला सांगितलं आणि कँटीनमधून चहा मागवला. तो बोलत होता, दंग्याचं, आपल्या गावचं, नव्या बायकोचं. मी ऐकत होतो. मधेच मी उठून मागच्या खोलीत, ताडपत्र्यांच्या ढिगामागे गेलो. तिथे उभा राहून पहिल्यांदा रडलो. फार नाही. चहा निवायच्या आत परत आलो.