ट्रिमरची वायर

थोरले भाऊ दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले. निरोपसमारंभात नोकरीतले जुने फोटो पडद्यावर दाखवायची त्यांना फार हौस होती. पण आयत्या वेळी लॅपटॉपची बॅटरी संपत आली. चार्जर जोडलेला होता, तरी टक्के उतरतच होते.

"जन्मभर लोकांना वीज पुरवली, आता स्वतःलाच पुरेना का?" वहिनी म्हणाल्या.

मी वायर निरखून पाहिली. दोन्ही टोकं सी-टाइप, खाचेत चपखल बसलेली. वायर मात्र सुतळीसारखी बारीक.

"भाऊ, ही कशाबरोबर आली होती?"

भाऊंनी गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. "दाढीच्या ट्रिमरबरोबर."

सकाळच्या घाईत अदलाबदल झाली होती. टोकं सारखी असली तरी प्रत्येक वायर सारखीच वीज वाहून नेत नाही, हे मला तेव्हा कळलं. लॅपटॉपची जाड वायर घरी ट्रिमरच्या सेवेत होती. कॉलनीतच घर, म्हणून मी धावत जाऊन ती आणली. प्रमुख पाहुणे तोवर 'दोनच शब्द' बोलत होते. वायर बदलताच टक्के चढू लागले आणि पाहुणे थांबेपर्यंत बॅटरी निम्मी भरली. लांबलेल्या भाषणाचा उपयोग मी प्रथमच पाहिला.

मग पडद्यावर पहिला फोटो आला. त्यात भाऊंना भरघोस दाढी होती.