आडव्या बाटलीनंतर

इथे सुरतेत मी ज्या खानावळीत पोळ्या लाटते, तिथे आज तेलाची रिकामी बाटली ओट्यावर आडवी पडलेली दिसली आणि माझा हात थांबला. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही बायकांनी अशाच आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला होता. त्यासाठी मालकीणबाईंनी रजा दिली, ते उपकार मी विसरत नाही. आडवी बाटली जिंकली. दुकान मात्र अजून उघडं आहे, आणि माझा भाऊ अजून तिथेच जातो. जिवाला घोर आहे तो त्याचा.

फोनवर विचारलं, "वहिनी, आता कोण अडवतंय?"

"सरपंच म्हणतात, वरून आदेश येऊ दे. आणि दुकानाच्या दारात हातगाडीवर अंडी विकते ती शांताक्का म्हणते, आधी माझ्या गाडीचं बघा, तोवर दुकानाला टाळं लावू द्यायची नाही."

"तिनं उभ्या बाटलीला मत दिलं होतं?"

"छे, आडवीलाच. नवरा दारूनंच गेला ना तिचा."

मी सातवीत शाळा सोडली. मला वाटायचं, मतं मोजली की झालं. पण मतपत्रिकेवर दोनच चित्रं होती. शांताक्कानं नंतर पोट कशावर भरायचं, हे विचारायला तिथे जागाच नव्हती.

"मग आता?"

"उद्या तिच्या गाडीला एसटी थांब्यावर जागा मागायला चाललोय सगळ्या," वहिनी म्हणाली. "ती हलल्याशिवाय दुकान हलायचं नाही, वन्सं."