बजरवर खोटा आळ

आमच्या नानांना बायकोपेक्षा इंजिनाच्या बजरचा धाक जास्त, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो. चिकलठाण्याकडच्या एका कारखान्याच्या आगबंबावर ते ड्रायव्हर आणि मी पाण्याची नळी धरणारा. इंजिन तापलं की बजर ओरडायचा. तरी दुर्लक्ष केलं तर इंजिन जळू नये म्हणून आपोआप बंद पडायचं. नाना ती वेळच येऊ द्यायचे नाहीत. पहिल्या आवाजाला गाडी बाजूला.

एकदा भर क्रांती चौकात थांबले. शेजारी आमच्या अग्निशमन विभागाचे साहेब, कुठल्याशा प्रात्यक्षिकाला उशीर झालेला, मागे हॉर्नचा कल्ला. साहेब म्हणाले, "चला हो, पोचल्यावर बघू." नाना बोनेट उघडून उभे. "इंजिन बोंबलायलंय अन् मी गाडी हाकू? उतरा साहेब, रिक्षा करा." साहेब उतरून रिक्षाला हात करू लागले.

दुसरे ड्रायव्हर कटकट नको म्हणून बजरची वायर तोडायचे, बजरबरोबर लागणाऱ्या लाल दिव्यावर बायकोची टिकली चिकटवायचे. असा कोणी सापडला की त्याची खैर नसे. "टिकली लावून ताप उतरतो व्हय रे?" म्हणत नाना ती नखानं खरवडून काढायचे.

आणि याच माणसानं काय केलं बघा. हर्सूलच्या बाजूला कापसाच्या गोदामाला आग लागली, आम्हाला मदतीला बोलावलं. मी आणि नळीवरचा माझा जोडीदार सलीम आत शिरलो आणि आमच्या मागच्या गाठींनीही पेट घेतला. आता पाणी मारत मारतच परतायचं होतं. तेवढ्यात बाहेर बंबाच्या रेडिएटरचा पाइप फुटला, बजर सुरू झाला. इंजिन बंद म्हणजे पाणी बंद, म्हणजे आम्ही संपलो. गाडीत एक बटण असतं. ते दाबून धरलं तर इंजिन बंद पडत नाही, पण त्याची पुरती वाट लागते. नानांनी ते दाबलं आणि आम्ही बाहेर येईस्तोवर अंगठा उचलला नाही. इंजिन कायमचं जाम झालं.

चौकशी बसली. साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, बजर बिघडला होता, वाजलाच नाही, एवढं म्हणा. मिटलं."

"बजर इमानानं वाजला, साहेब. म्याच ऐकलं नाय. त्याच्यावर खोटा आळ कशापायी घेऊ?"

"मग चूक झाली म्हणा."

"पोरं आत व्हती. चूक कशी म्हणू? उद्या पुन्ना तसंच करीन."

नानांचा बंब काढून घेतला, त्यांना गेटवर बसवलं. नवा बंब आला-गेला की उठून त्याला फाटक उघडून द्यायचं, हे त्यांचं काम. आठवलं की माझं अजून डोकं फिरतं. माफी मागा, स्टिअरिंग परत देतो, असे निरोप यायचे. "लई उपकार झाले, सांग त्यांला," एवढं म्हणून नाना फाटकाला कडी घालायचे. गेटवरूनच निवृत्त झाले.

गेल्या वर्षी नाना गेले. नानांनी इंजिन घालवलं असं त्या कारखान्यात अजून म्हणतात. म्हणोत. त्यांच्या तिरडीला पुढून सलीमनं खांदा दिला, मागून मी.