अल् खुवैरहून बसने

ओमानमधल्या अल् खुवैरला गाडीशिवाय माणूस घरातच बसून राहायचा. मला गाडी येत नव्हती. लायसन्ससाठी ड्रमच्या मधून गाडी मागे घ्यायची परीक्षा मी इतक्यांदा नापास झाले की शेवटी शिकवणाऱ्या काकांनीच म्हटलं, "मॅडम, थोडं थांबा आता." त्यामुळे मासळी, दवाखाना, तिथे सुट्टीमुळे रविवारऐवजी शुक्रवारी होणारी चर्चची मिस्सा, सगळं नवऱ्याच्या सुट्टीवर.

मग शहरात नव्या बस सुरू झाल्या. नवरा म्हणाला, "या उन्हात स्टॉपवर कोण उभं राहणार?" खालच्या मजल्यावर श्रीवर्धनकडच्या भाभी राहायच्या. त्यांनाही गाडी येत नव्हती. त्या म्हणाल्या, "आपण राहू. छत्री आहे ना."

पहिल्याच फेरीत आम्ही रुवीला उतरलो, तिथून दुसऱ्या बसने मत्राच्या मासळी बाजारात गेलो आणि भरपूर सुरमई घेतली. येताना मात्र ड्रायव्हरने दारातच अडवलं. पोरगेलासा ओमानी होता. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

"समक? ला, ला," तो म्हणाला. मासळी चालणार नाही.

भाभींना अरबीत कुराण वाचता यायचं, पण असलं अरबी बोलणं जमेना. मागे रांग लागली. मी उतरायला वळले, तेवढ्यात पुढच्या बायकांच्या सीटवरून एक म्हातारी ओमानी बाई ड्रायव्हरला काहीतरी बोलली. आवाज चढवला नाही, फक्त "वलदी" म्हणाली, म्हणजे पोरा. त्याने आत यायची खूण केली. तिने आपल्या सामानातली जाड पिशवी रिकामी केली, कपडे मांडीवर घेतले आणि पिशवी आमच्यापुढे धरली.

"मच्छी इसमें डालो. नीचे, पाँव के पास," ती हिंदीत म्हणाली.

तिने सांगितलं, ती मुंबईच्या दवाखान्यात मुलाबरोबर महिनाभर राहिली होती, तिथे हिंदी शिकली. मुलगा कसा आहे, ते विचारायला मला धीर होईना. भाभींनी विचारलं. "बच्चा मोटा हो गया," ती म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. ती पुढे अझैबाला जायची होती. उतरताना पिशवी परत द्यायला लागले तर तिने हातानेच नको म्हटलं.

पुढच्या खेपेपासून आम्ही झाकणाचा थर्माकोलचा डबा न्यायला लागलो. ड्रायव्हर डब्याकडे बघून "तमाम" म्हणायचा, म्हणजे ठीक आहे. हळूहळू बिल्डिंगमधल्या आणखी दोघी येऊ लागल्या. मी मिस्सेलाही एकटी जाऊ लागले. गाडी गॅरेजमध्ये होती तेव्हा नवराही आमच्याबरोबर आला, आणि कुठे उतरायचं ते त्याला भाभींनी सांगितलं.

काही वर्षांनी भाभींच्या नवऱ्याची नोकरी सुटली आणि ते गावी परतले. जायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "चल, एकदा मत्राला जाऊन येऊ." त्या दिवशी आम्ही मासळी घेतली नाही. समुद्राकाठी चहा घेतला, बोटी बघितल्या आणि दुपारच्या बसने घरी आलो.